नाव आढळले नाही

शैलाआत्यानं आयुष्यात नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. ड्रोननं औषधं घरपोच येण्याच्या काळात हे काय, असं म्हणून कुणी नाक मुरडेल; पण आत्या मागासलेली वगैरे मुळीच नव्हती. आसरवाडीच्या शाळेची इलेक्ट्रिक व्हॅन ती चालवायची. घाटात ट्रकवाल्यांना बाजू द्यायला लावायची, आणि व्हॅनचं सॉफ्टवेअर अडकलं की कंपनीच्या माणसाला फोनवर असं झापायची की तो बिचारा दुसरी नोकरी शोधायला लागावा. फक्त नाव घ्यायचं नाही. सासूनं पहिल्या दिवशी बजावलं होतं आणि जिभेला तेच वळण पडलं. कुठल्या ऑफिसात पूर्ण नाव विचारलं की ती मुकाट्यानं कार्ड पुढं करायची.

नवरा गावातला वायरमन आणि त्याचं नाव प्रकाश. या योगायोगाचा गावानं चघळून चघळून चोथा केला होता. पण आत्याच्या तोंडून तो शब्द कुणी ऐकला नव्हता. घरातले दिवे लागले तरी ती म्हणायची, "आला बाई उजेड."

तिची भाची समिधा त्या दिवशी पुण्याहून आली ती 'हुंकार' घेऊन. हुंकार हे फोनवरचं आरोग्य-ॲप, आणि ते बनवणाऱ्या कंपनीत समिधा जगदाळे हिचं नाव बऱ्यापैकी होतं. अंगणवाडीच्या हॉलमध्ये गावातल्या बायका जमल्या होत्या. समिधानं त्यांना समजेल असं सांगितलं, आणि तिला ते छान जमायचं.

कंपवात झालेल्या माणसाचा हात थरथरायला लागतो, त्याच्या कितीतरी वर्षं आधी त्याचा गळा थरथरायला लागतो. स्वरयंत्र हलवणारे स्नायू फार नाजूक. मेंदूचा हुकूम जरा अडखळला, की त्याचा पत्ता तिथं लागतो. आपण बोलतो तेव्हा गळ्यातले स्वरतंतू एका सेकंदात शेकडो वेळा उघडतात, मिटतात. निरोगी गळ्यात या उघडझापीचा ताल जवळजवळ सारखा असतो. आजाराच्या वाटेवरच्या गळ्यात तो किंचित मागंपुढं होतो. कानाला ते कळत नाही, फोनला कळतं. आणि आता त्यावर गोळी निघाली होती. ती वेळेवर सुरू केली तर आजार पुष्कळ वर्षं लांबत होता. म्हणजे सगळा खेळ लवकर कळण्याचा होता.

"तर आता प्रत्येकीनं हा परिच्छेद वाचायचा," समिधा म्हणाली आणि फोन पुढं केला.

तिथंच माशी शिंकली. परिच्छेद नदीच्या उगमाबद्दलचा होता. बायका तो असा वाचायला लागल्या, जसं काही समोर छडी घेऊन मास्तर उभे आहेत. माणूस आवाज असा आवळून धरतो तेव्हा गळ्यातली थरथर दबून जाते, आणि फोनच्या हाती काही लागत नाही. समिधाच्या पडद्यावर सगळ्यांचे आलेख सारखेच सपाट दिसत होते.

मग तिला सुचलं. "बरं, परिच्छेद राहू द्या. एकेक उखाणा घ्या!"

हॉलमध्ये एकच खसखस पिकली. मघाशी 'उगम' म्हणताना घाम फुटलेली बाई पदर सावरून उभी राहिली आणि खणखणीत आवाजात सुरू झाली. समिधा पडद्याकडं बघतच राहिली. आवाज मोकळा, आणि वर बोनस म्हणजे उखाण्याच्या शेवटी प्रत्येक बाई शेवटचा स्वर लांबवत होती. डॉक्टर पेशंटला 'आ' करून लांब ओढायला सांगतात ना, नेमका तसा. जगातल्या कुठल्याच प्रयोगशाळेला हे सुचलं नव्हतं, असं समिधाला वाटलं आणि तिची छाती फुगली.

शैलाआत्या सगळ्यात शेवटी उठली. गावातले निम्मे उखाणे तिनंच रचून दिलेले, त्यामुळं सगळ्या कान टवकारून बसल्या.

"वीज गेली की रुसतो, दिवा लावला की हसतो,
नाव कशाला घेऊ बायांनो, घरभर तोच असतोऽऽ!"

टाळ्यांनी पत्रे हादरले. बाहेर खांबावर चढलेल्या प्रकाशमामांनी खाली वाकून विचारलं, "काय झालं गं?" आणि बायका आणखीच हसल्या.

समिधा मात्र तो शेवटचा 'ओ' बघत होती. आलेखाची रेघ कडेला जराशी विस्कटली होती.

"समे, काय गं? झालं का बरोबर?" आत्यानं विचारलं.

"एकदम मस्त, आत्या."

"आणि हे जे काय निघंल ते कुणाला कळणार? गावात बोभाटा नको बाई. पोरं हायत माझ्या गाडीत."

"आधी तुला. मग डॉक्टरला. तिसऱ्या कुणाला नाही," समिधा म्हणाली. "माझा शब्द."

"मग झालं तर," म्हणून आत्यानं अंगठा टेकवला. संमतीचा मजकूर तिनं वाचला नाही. भाचीनं शब्द दिल्यावर वाचायचं कशाला?

*

पुण्याच्या ऑफिसात समिधाचं खरं काम सुरू झालं. हुंकारकडं आलेले आवाज जगभरच्या संशोधकांना खुले करायचे होते, म्हणजे गोळी आणखी सुधारता आली असती. अर्थात ओळख पुसून. नाव, नंबर, गाव काढून टाकायचं. मग आवाजाला मुखवटा घालायचा. पट्टी बदलायची, पोत बदलायचा, म्हणजे आत्याचा आवाज परक्या बाईचा वाटावा, पण गळ्यातली थरथर तशीच राहावी. शब्द मात्र ठेवायचे, कारण माणूस कुठं अडखळतो, कुठं थांबतो यावरूनही आजार कळतो. आणि शब्दांत एखादं नाव आलं तर ते कापायला समिधानं स्वतः लिहिलेली चाळणी होती. 'अमुकरावांचं नाव घेते' म्हटलं की अमुकराव गायब, त्या जागी शांतता. या चाळणीचं कंपनीत फार कौतुक झालं होतं.

चाळणी प्रत्येक आवाजापुढं शेरा मारायची. नाव असेल तर 'नाव कापले'. नसेल तर 'नाव आढळले नाही', आणि त्यापुढं हिरवा ठिपका. हिरव्या ठिपक्यांतले काही आवाज माणसानं कानानं ऐकून पास करायचे, असा नियम होता.

"समिधा, परदेशातले लोक वाट बघतायत," तिचे साहेब निशिकांत दारातून म्हणाले. "तुझं ऐकणं संपलं की सोडतो आपण."

"संपतच आलंय, सर."

तिनं हेडफोन कानाला लावले. एका परक्या, घोगऱ्या आवाजात ऐकू आलं, 'वीज गेली की रुसतो...' आणि समिधा खुदकन हसली. प्रकाशमामा! तिला खांबावरून वाकलेलं मामांचं डोकं आठवलं. पडद्यावर हिरवा ठिपका होता. नाव आढळले नाही. आत्यानं घेतलंच नव्हतं, मग आढळणार कुठून?

क्षणभर तिचं बोट थबकलं. मला कळलं, म्हणजे आणखी कुणाला कळेल का? छे. मी घरची म्हणून कळलं. परदेशातल्या माणसाला काय कळणार, कोण रुसतो आणि कोण हसतो? तिनं 'पास' दाबलं आणि पुढचा आवाज लावला.

इकडं आत्याचा निकाल डॉक्टरांकडं तपासणीला पडून होता. डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय पेशंटला कळवायचं नाही, हाही नियमच होता आणि चांगला होता. फक्त डॉक्टरांपुढं रांग होती, आणि संशोधकांच्या वाटेवर, जिथं प्रत्येक आवाजासोबत यंत्राचा अंदाजही जात होता, रांग नव्हती. आत्याचा आजार आत्याच्या आधी समुद्रापार जाऊन पोचला.

*

पुढं जे झालं ते कुणी वाईट बुद्धीनं केलं नाही, हे आधी सांगायला हवं. कुणी चोर नव्हता, कुणी कुलूप फोडलं नाही. खुल्या केलेल्या आवाजांतून कुणा हौशी माणसानं उखाणे निवडले आणि फोनवर खेळ बनवला, 'सांगा, ह्यांचं नाव काय?' नावाच्या जागी शांतता, आणि आपण नाव ओळखायचं. अहो, उखाणा म्हणजे मुळातच कोडं. नाव कापून समिधानं ते आणखी रंगतदार करून ठेवलं होतं.

खेळ आसरवाडीत पोचला आणि गावाला चेव चढला. हा तर साळुंख्यांच्या थोरल्या सुनेचा, लग्नात घेतला होता! हा आमच्या मावशीचा! आवाज बदललाय, पण शब्द तिचेच! आत्याचं कोडं तर शेंबड्या पोरानंही सोडवलं. दोन दिवस गाव हसत होतं. आत्यासुद्धा हसली.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की प्रत्येक उखाण्याखाली बारीक अक्षरात एक ओळ आहे. बहुतेकांखाली 'धोका कमी' असं होतं. 'वीज गेली की रुसतो'च्या खाली होतं, 'कंपवात, धोका जास्त'.

समिधाला फोन आला तेव्हा ती ऑफिसच्या कँटीनमध्ये होती.

"समे, मला काय झालंय गं?"

"काय आत्या?"

"व्हॅनमदी सकाळी चारच पोरं आली. बाकीच्यांच्या आया म्हणाल्या, आम्ही सोडतो आमची आमची. कुणी तोंडाकडं बघंना. शेवटी साळुंख्याच्या सुनेनं सांगितलं, तुमाला हात हालायचा रोग हाय, फोनात लिवलंय. माझे हात तर काय हालत न्हाईत. तू तर म्हनलीवतीस, आधी मला सांगणार."

समिधा ताट सारून उभी राहिली. "आत्या, मी बघते. काहीतरी चूक झाली असेल."

"कुणाची?"

"बघते मी," समिधा म्हणाली. तोंडाशी आलेला शब्द तिनं गिळला. आपली, हा तो शब्द होता, आणि तो तिला दिवसभर घशात टोचत राहिला.

*

निशिकांतसाहेबांनी तिला समोर बसवलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. स्वतःच्या आईला त्यांनी हुंकारवरच तपासून घेतलं होतं.

"हे बघ, कायद्यानं रुग्णाचं नाव बाहेर जाता कामा नये. गेलं का? नाही गेलं. चाळणीनं काय शेरा मारला?"

"नाव आढळले नाही."

"झालं तर. ओळख पटली ती गावकऱ्यांच्या सामान्यज्ञानानं. त्याला आपण काय करणार? कुणी तक्रार केली आणि ती ऐकणाऱ्या माहिती लवादानं विचारलं, तर तू एवढंच सांगायचं. खोटं काहीच नाही त्यात."

खोटं काहीच नव्हतं, हेच समिधाला सहन होईना. खोटं असतं तर तिला ते नाकारता आलं असतं.

"आणि सर, कुणी ओळखलं असेल तर? म्हणजे, पास करणाऱ्यानंच?"

निशिकांत तिच्याकडं बघत राहिले. मग सावकाश म्हणाले, "तसं कुणी म्हणालं, तर सगळे आवाज परत घ्यावे लागतील. प्रत्येक बाईला कळवावं लागेल. कंपनीचं जे व्हायचं ते होईल, आणि त्या माणसाला या धंद्यात परत कुणी उभं करणार नाही. पण तसं कुणी म्हणालेलं नाही. हो ना?"

समिधा काही बोलली नाही. गप्प बसणं म्हणजे होकार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

*

ती आसरवाडीला गेली तेव्हा गावात एका सुनेचं डोहाळजेवण होतं. झोपाळा फुलांनी सजवलेला, पंगत भरलेली, आणि तरी काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. थोड्या वेळानं समिधाच्या ध्यानात आलं. बायका बोलत होत्या त्या कुजबुजत. कुणीतरी म्हणालं, "उखाणा घ्या की गं एकीनं." सगळ्यांनी माना खाली घातल्या. दाराशी स्टीलचा मोठा डबा होता. आत येताना प्रत्येकीनं आपला फोन त्यात टाकला होता, आणि डब्यावर दोन गोधड्या घातल्या होत्या.

"काय सांगावं बाई, कशातनं काय कळतंय," एक म्हातारी समिधाच्या कानाशी म्हणाली. "बोललं की रोग दिसतो म्हणत्यात. आपलं गप बसलेलं बरं."

आवाजावरून आजार ओळखायचं यंत्र समिधानं गावाला दिलं होतं, आणि गावानं आवाजच बंद करून टाकला होता. आता एखादीचा गळा खरोखर थरथरत असला, तरी तो कुठला फोन ऐकणार नव्हता. गोळी होती, पण घ्यायला कुणी पुढं येणार नव्हतं. समिधाला झोपाळ्याकडं बघवेना.

शैलाआत्या डोहाळजेवणाला आलीच नव्हती. ती सापडली घरामागं, उभ्या व्हॅनमध्ये. ड्रायव्हरच्या सीटवर बसली होती, हात स्टिअरिंगवर ठेवून, आणि हातांकडंच बघत होती.

"फोन आणलायस का?" तिनं आधी विचारलं.

"डब्यात टाकून आले."

"मग बस."

समिधा शेजारी बसली. डॉक्टरांचा निरोप शेवटी आला होता, असं आत्यानं सांगितलं. रोग सुरुवातीचा आहे, गोळी सुरू करायची, गाडी अजून पुष्कळ वर्षं चालवता येईल. "पण आता कोण बसतंय माझ्या गाडीत," ती म्हणाली. "डॉक्टरनं आधी सांगितलं असतं, तर मीच शाळेला सांगितलं असतं की. माझ्या तोंडानं सांगितलं असतं. आता मी काय बी म्हनलं तरी बाया म्हणणार, लपवत व्हती."

"आत्या, ते मी केलं."

"काय?"

"तुझा उखाणा मीच पास केला. कानानं ऐकून. आवाज बदलला होता, पण मला कळलं तुझाच आहे. लगेच कळलं. आणि तरी मी सोडला. मला वाटलं, बाहेरच्यांना कुठं कळणार." तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. "तुला शब्द दिला होता मी."

मामा पलीकडं बोर्डाचे स्क्रू पिळत होते तेवढा आवाज येत होता.

"कळल्यावर तू काय केलंस?" आत्यानं विचारलं.

"हसले."

"हसलीस." आत्यानं मान डोलावली. "उखाणा हायच हसण्याजोगा." मग ती वळून बघायला लागली, आणि तिची नजर समिधाला पेलवेना. "मला राग आलाय समे. लई आलाय. तो जाईल तवा जाईल, तू त्याच्या नादाला लागू नगंस. मला एवढं सांग, मी तक्रार दिलीया त्या लवाद का काय हाय, त्याच्यापुढं हे तू सांगणार हायस? का माझ्या एकटीच्या पदरात टाकून मोकळी हुणार?"

समिधा याच विचारानं आली होती. आत्याला सांगायचं, शिव्या खायच्या, मन हलकं करायचं आणि परत जायचं. ते आत्यानं एका वाक्यात ओळखलं.

"तिथं सांगितलं तर माझी नोकरी जाईल," ती म्हणाली. म्हणून झाल्यावर तिला वाटलं, निदान या व्हॅनमध्ये बसून तरी हे बोलायला नको होतं.

"व्हय," आत्या म्हणाली. "माझीबी चाललीच हाय."

*

लवादाची सुनावणी व्हिडिओवर होती. आत्याच्या स्वयंपाकघरात ओट्यावर लॅपटॉप ठेवला. आत्या समोर बसली, समिधा शेजारी. मामा दारात उभे होते, हातात टेस्टर, जणू काही बिघडलं तर तेच दुरुस्त करणार होते. निशिकांतसाहेबांचा चेहरा पडद्याच्या कोपऱ्यात होता. समिधा तिथं दिसेल, हे त्यांना अपेक्षित होतं. ती कुणाच्या शेजारी बसली असेल, हे नव्हतं.

"तक्रारदारानं आपलं पूर्ण नाव सांगावं," लवादाच्या बाई म्हणाल्या.

आत्यानं सवयीनं कार्ड पुढं केलं.

"कार्ड नाही चालणार, ताई. तोंडी लागतं. रेकॉर्ड होतंय."

रेकॉर्ड होतंय म्हटल्यावर आत्याचे ओठ मिटले. समिधाला वाटलं, आता ती उठून जाणार. त्या डोहाळजेवणातल्या बायकांसारखी मान खाली घालणार, आणि मग समिधालाही काही बोलावं लागणार नाही. एक क्षण, फक्त एक क्षण, तिला तसं व्हावंसं वाटलं. त्या क्षणाची लाज तिला पुढं बाकी सगळ्यापेक्षा जास्त वाटत राहिली.

आत्यानं पदर खांद्यावरून घेतला.

"शैला," ती म्हणाली, आणि थांबली. "शैला प्रकाश शिर्के."

यमक नाही, कोडं नाही, टाळ्या नाहीत. दारात मामांनी कुणीतरी हाक मारल्यासारखं दचकून वर बघितलं. त्या 'का'वर आवाज जरा हलला, आणि समिधाच्या कानानं तो पकडला. आजार होता की ते नाव पहिल्यांदा घेताना कुणाही बाईचा हलला असता तसा हलला होता, हे तिला सांगता आलं नसतं. तिच्या यंत्रालाही आलं नसतं.

"ठीक आहे, नोंद झाली," लवादाच्या बाई म्हणाल्या. "शेजारी कोण आहे?"

आत्यानं लॅपटॉप भाचीकडं वळवला.

"आता तू सांग," ती म्हणाली.